शरद सरताना डोंगरातून लांबचा गाडीप्रवास: दिवस खिंडीपासून मोजा

उन्हाळ्यात डोंगरापलीकडच्या शहरात जायचं असेल तर सकाळी कधीही निघालं तरी फारसं बिघडत नाही. उशिरा निघालो तर उशिरा पोचतो, एवढंच. ऑक्टोबर सरत आला की हे चालत नाही. गाडी तीच, रस्ता तोच. पण सकाळी अकराला जी सडक नुसती ओली होती तिच्यावर संध्याकाळी पाचला बर्फाची काच पसरलेली असते. (हे महिने उत्तर गोलार्धाचे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हाच काळ एप्रिल-मे महिन्यांत येतो.) हिवाळ्यात निदान सगळे सावध असतात, बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ पडलेलं असतं, गाड्यांना योग्य टायर असतात. शरदाच्या शेवटी ऊन असतं, आकाश निळं असतं आणि माणूस गाफील असतो.

म्हणून या दिवसांत निघायची वेळ ठरवून तिथून पुढे मोजत जायचं नाही. वाटेतलं सगळ्यात उंच ठिकाण, म्हणजे खिंड किंवा घाटमाथा, कधी पार करायचा हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे-पुढे मोजत यायचं. बाकीची बहुतेक आखणी त्यातूनच निघते.

आधी उंची बघा, अंतर नंतर

नकाशावर रस्ता आखला की किलोमीटरचा आकडा डोळ्यांत भरतो. तो क्षणभर बाजूला ठेवा आणि तीन उंच्या कागदावर लिहा: निघायचं शहर, सगळ्यात उंच बिंदू, पोचायचं शहर. हवेचं तापमान सरासरीने दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे ५०० मीटरवरच्या शहरात दुपारी १४ अंश असतील, तर २५०० मीटरवरच्या खिंडीत साधारण १ अंश असेल. शहराचा अंदाज बघून स्वेटर ठरवणाऱ्यांची इथेच फसगत होते. अंदाज खिंडीचा बघायचा; तो मिळत नसेल तर शहराच्या आकड्यातून ही वजाबाकी करायची. पावसाचा अंदाज असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: हिमरेषा किती मीटरवर आहे? तिच्याखाली पाऊस पडतो, वर बर्फ. डोंगराळ भागांचे हवामान अंदाज हा आकडा बहुधा देतात, आणि आपल्या प्रवासासाठी तापमानापेक्षाही तो जास्त कामाचा असतो.

दुसरी नोंद दिशेची. ४५ अंश अक्षांशावर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर येतो. दरीच्या दक्षिणेला उंच कडा असेल तर उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर दिवसभर ऊन पडतच नाही. रस्ता कोणत्या बाजूने चढतो आणि कोणत्या बाजूने उतरतो, हे उपग्रह-नकाशावर दोन मिनिटांत कळतं. दक्षिण उतारावरून कोरड्या रस्त्याने आरामात चढलेला माणूस माथा ओलांडून उत्तर बाजूला उतरायला लागतो तेव्हा रस्ता एकदम वेगळा निघतो. तुमचा उतार उत्तरेकडे असेल तर त्याला दीडपट वेळ धरा.

रस्ता उघडा आहे का, आणि कशाच्या भरवशावर

उंच खिंडींचे अनेक रस्ते हंगामी असतात. इटलीतली स्टेल्वियो खिंड (२७५७ मीटर) हिवाळाभर बंद असते. अमेरिकेत कोलोराडोतली इंडिपेंडन्स खिंड ३६८७ मीटरवर आहे. ती साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होते आणि मे महिन्याच्या अखेरीस उघडते. कॅलिफोर्नियातली टायोगा खिंड बहुधा नोव्हेंबरात मिटते. यातली कुठलीच तारीख दगडावरची रेघ नसते. एक मोठा हिमपात झाला की फाटक पडतं, आणि पुढे महिनाभर ऊन पडलं तरी ते उघडेलच असं नाही.

नकाशाचं ॲप अशा बंद रस्त्यावरून आनंदाने मार्ग दाखवू शकतं, विशेषतः नेटवर्क नसताना. त्यामुळे रस्त्यांच्या सरकारी खात्याचं पान, खिंडीचा कॅमेरा असेल तर तो, आणि पायथ्याच्या गावात एखादा फोन, हे तिन्ही करा. कॅमेऱ्यात रस्ता काळा दिसतोय की पांढरा, यापेक्षा समोरून गाड्या येतायत का हे बघा.

पर्याय दोन प्रकारचे असतात. एक, डोंगराच्या पोटातून जाणारा बोगदा. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्ड खिंड (२१०६ मीटर) हिवाळ्यात मिटते तेव्हा १९८० साली सुरू झालेला १६.९ किलोमीटरचा बोगदा चालू असतो. दोन, लांबचा पण खालून जाणारा रस्ता. बोगद्याबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा: एक खिंड टळली म्हणजे सगळा रस्ता सुटला असं नाही. मनालीजवळचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला, ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे आणि ३९७८ मीटरची रोहतांग खिंड टाळतो. पण त्याच रस्त्याने लेहला जायचं तर पुढे बारालाचा ला आणि तांगलांग ला या खिंडी उभ्या आहेतच, दोन्ही रोहतांगपेक्षा उंच. पर्याय तपासताना शेवटच्या शहरापर्यंत तपासायचा.

नियमही आधीच बघून ठेवा, कारण ते देशागणिक बदलतात. इटलीत खुणा केलेल्या रस्त्यांवर साधारण १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी टायर किंवा गाडीत बर्फासाठी चाकांवर चढवायच्या साखळ्या लागतात. फ्रान्सच्या ठरावीक डोंगरी भागांत हाच नियम १ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत आहे. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबरपासून, रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात अनेक रस्त्यांवर १ ऑक्टोबरलाच नियम सुरू होतो. भाड्याची गाडी घेणार असाल तर ‘हिवाळी टायर आहेत ना?’ हा प्रश्न आरक्षणाच्या वेळी विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं. काउंटरवर किल्ली हातात पडल्यावर विचारून उपयोग नसतो, हे मी स्वतः अनुभवलंय. मला तिथे हसून ‘ऑल सीझन’, म्हणजे बारमाही, टायर दाखवले गेले आणि मी अख्खा दिवस एका पायथ्याच्या गावात काढला.

उजेडाचं गणित

४५ अंश अक्षांशावर २१ नोव्हेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा असतो. ३२ अंशांवर साडेदहा तासांच्या आसपास. ऑक्टोबरात वरच्या अक्षांशांवर दिवस रोज तीन-तीन मिनिटांनी आखडत जातो. त्यात युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं. शनिवारी सहाला मावळणारा सूर्य रविवारी पाचला मावळतो. सहल नेमकी या शनिवार-रविवारवर बेतली असेल तर परतीचा हिशोब नव्याने करा.

पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो. दरीत सूर्य त्याच्या तास-दीड तास आधीच कड्यामागे जातो आणि रस्ता त्या क्षणापासून गार व्हायला लागतो.

खिंड ओलांडायची माझी आवडती वेळ अकरा ते एक. सकाळी लवकर नको, कारण रात्री गोठलेला बर्फ वितळलेला नसतो. शिवाय खडकांच्या भेगांत गोठलेलं पाणी आकारमानाने सुमारे ९ टक्के फुगलेलं असतं. पहिलं ऊन लागलं की ते सुटतं आणि त्याबरोबर धोंडेही सुटतात. दुपारनंतर नको, कारण उतरणीच्या मध्यावर सावली गाठते.

एक काल्पनिक दिवस मांडून बघू. दोन शहरांमध्ये ४२० किलोमीटर. पहिले १४० सपाट, मग ५० चढ, माथा, ६० उतार, आणि उरलेले १७० पुन्हा सपाट. सूर्यास्त ४.४०. सपाटीला ताशी ७० आणि घाटात ३५ असा सरासरी वेग धरला, तर पहिला टप्पा दोन तास, चढ दीड तासाला थोडा कमी, उतार पावणेदोन, शेवटचा टप्पा अडीच तासांना थोडा कमी. माथ्यावर बारा वाजता असायचं तर मधल्या थांब्यासकट सव्वाआठला निघायला हवं. पुढे अर्ध्या तासाचा थांबा धरला की पोचायची वेळ ४.४० येते, म्हणजे ऐन सूर्यास्ताला. गणित बसतं, पण काठावर. टायर पंक्चर झाला, दरडीपाशी अर्धा तास अडकलो, एखाद्याला उलटी झाली, की शेवटचा तास अंधारात. तो सपाटीचा असल्यामुळे चालेल. उतरणीचा असता तर हा दिवस मी दोन दिवसांत वाटला असता.

याच गणितातून दिवसातला सर्वांत महत्त्वाचा आकडा निघतो: माघारीची वेळ. या उदाहरणात पायथा साडेबाराच्या आत गाठला नाही तर वर जायचं नाही. साडेबाराला चढ सुरू केला तर माथा दोनच्या सुमारास आणि उतार पावणेचारला संपतो. त्याहून उशीर म्हणजे सावलीत उतरणं. हा आकडा आदल्या रात्री, घरात, शांत डोक्याने ठरवायचा आणि गाडीतल्या सगळ्यांना सांगायचा. पायथ्याशी उभं राहून ठरवायला गेलं की ‘आता इतकं आलोच आहोत तर’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि बहुधा तो चालकच असतो.

मधल्या हंगामाची पोकळी

डोंगरातल्या पर्यटनाचे बहुतेक ठिकाणी दोन हंगाम असतात: उन्हाळा आणि बर्फातले खेळ. त्यांच्या मधले पाच-सहा आठवडे लॉज, खानावळी, छोटे पेट्रोलपंप सगळेच दम खातात. नकाशावर ‘उघडे’ असं लिहिलेलं असलं तरी दाराला कुलूप असतं. म्हणून मुक्काम फोन करून पक्का करा, आणि पायथ्याच्या गावातला एक पर्यायी मुक्काम टिपून ठेवा. माघारीची वेळ उलटली की तिथेच राहायचं आहे.

इंधनाचा नियम साधा: टाकी अर्धी झाली की भरायची, आणि शेवटच्या मोठ्या गावात काठोकाठ भरायची. डिझेलची गोष्ट थोडी वेगळी. थंडीत डिझेलमधला मेणासारखा अंश गोठून फिल्टर तुंबतो, त्यामुळे थंड प्रदेशांत हिवाळ्यात वेगळं डिझेल मिळतं. उबदार सपाटीवर भरलेली टाकी घेऊन रात्र उंचावर काढणार असाल तर ते उन्हाळी डिझेल पहाटे दगा देऊ शकतं. अशा वेळी सपाटीवर निम्मी आणि डोंगरातल्या गावात उरलेली भरावी.

विजेच्या गाडीला वेगळं गणित. दोन टनांची गाडी १००० मीटर वर नेण्यासाठी नुसतं वजन उचलायलाच साधारण साडेपाच युनिट लागतात. घर्षण, हवा आणि हीटर त्याच्या वर. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून घाटमाथ्यावरच्या चार्जरवर शंभर टक्के भरू नका. भरलेली बॅटरी उतारावर वीज परत घेऊ शकत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

उंचीचा त्रास शहरांदरम्यानच्या बहुतेक रस्त्यांवर प्रश्न नसतो, कारण आपण माथा ओलांडून खाली उतरतो. पण मुक्काम २५०० मीटरच्या वर असेल तर तो होऊ शकतो. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकं दुखतंय, मळमळतंय अशा चालकाने स्टिअरिंग सोडावं. त्रास वाढला तर उपाय एकच, खाली उतरणं.

गाडी: टायर आधी, बाकी मागाहून

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड सोडतं. बर्फ नसला तरी हे होतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हिवाळी टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. ती खूण म्हणजे टायरची बर्फावर चाचणी झालेली आहे. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तशी खात्री नसते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून डोंगराची खूणच धरली जाते. खाचांची खोली कायद्याने अनेक देशांत १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फासाठी ४ च्या खाली गेलेला टायर मी धरत नाही. ऑस्ट्रियात हिवाळी टायर म्हणून मान्य व्हायला किमान ४ मिलिमीटरच लागतात.

हवा तपासायची ती सकाळी, गाडी गार असताना. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआयने (हे दाबाचं माप) कमी होते. दुपारच्या २० अंशांत भरलेला टायर पहाटेच्या उणे २ मध्ये सुमारे ४ पीएसआय कमी दाखवतो. स्टेपनीची हवा बघायला विसरू नका. बहुतेकांच्या स्टेपनीत ती गेल्या वर्षीची असते. जॅक आणि पाना गाडीत आहेत एवढं पुरत नाही, चाकाचे नट त्या पान्याने, हाताच्या जोरावर सुटतात का हेही घरीच बघून घ्या.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दुकानात तपासून घ्या. शिसे-आम्लाची बॅटरी गोठणबिंदूपाशी सुमारे एक तृतीयांश ताकद गमावते. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. उन्हाळ्यात कुणी नुसतं पाणी ओतत राहिलं असेल तर ते आताच बदला. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते फवाऱ्याच्या तोंडातच गोठतं आणि काचेवर मिठाचा राप चढलेला असताना काहीच करता येत नाही. न गोठणारं द्रव घाला.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश असतो, ओल शोषलेल्याचा १५५. लांब उतारावर हा फरक पायाला कळतो: पेडल स्पंजासारखं आत जातं.

डिकीत काय

यादी लांबवत नाही. साखळ्या आणि त्या चढवायला जाड हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, बर्फ खरवडायचं खोरणं, घडीचं फावडं, जंपर केबल, धोक्याचे त्रिकोण, प्रत्येकाला एक ब्लँकेट, पाणी, आग न लावता खाता येईल असं कोरडं खाणं, आणि मोबाइलची भरलेली पॉवर बँक. कागदी नकाशा नाही तर निदान उतरवून ठेवलेला ऑफलाइन नकाशा. एक जुना गालिचा किंवा पायपुसणंही घ्या: रुतलेल्या चाकाखाली ते घातलं की गाडी निघते, आणि साखळ्या लावताना गुडघ्याखालीही तेच येतं.

साखळ्या घरी, उजेडात, एकदा तरी चढवून बघा. त्या ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांना लावायच्या. चारही चाकांना जात असेल तर गाडीची पुस्तिका सांगेल. रस्त्यावर त्या चढाच्या आधी, सपाट जागी लावतात. चाक घसरायला लागल्यावर, मधोमध उतारावर, मागून ट्रक येत असताना साखळी लावणं हा प्रकार ज्याने केला तो पुन्हा करत नाही. साखळीवर ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जायचं नाही.

आदली रात्र आणि सकाळ

गाडी मुक्कामी लावताना कड्याखाली लावू नका आणि जमल्यास पुढची काच पूर्वेला ठेवा. सकाळचं पहिलं ऊन अर्धं खरवडणं वाचवतं. वायपर काचेपासून उचलून ठेवा. कडक थंडीत हँडब्रेक गोठू शकतो, म्हणून सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणं बरं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते. आणि टपावरचा बर्फ झाडूनच निघा, नाही तर पहिल्याच ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो.

काच आतून धुकटत असेल तर हवेचं चक्र बाहेरच्या हवेवर ठेवा आणि हीटरबरोबर एसीही चालू करा. थंडीत एसी हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हवेतली ओल तोच काढतो.

घरी एका माणसाला मार्ग, पायथ्याची वेळ आणि पोचायची वेळ कळवा. ‘पोचलो की सांगतो’ एवढं पुरेसं नाही. किती वाजेपर्यंत कळवलं नाही तर काळजी करायची, तेही सांगा. आपत्कालीन क्रमांक टिपून ठेवा. युरोपीय संघात आणि भारतात तो ११२ आहे.

चढताना

चढ तुलनेने सोपा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, त्यामुळे ओव्हरटेक करताना नेहमीच्या अंदाजावर जाऊ नका. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, पण समोरचा ती पाळेलच हे गृहीत धरू नका. झाडीतल्या वळणांवर ओल्या पानांचा थर असतो. तो बर्फाइतकाच निसरडा आणि त्याखालची खड्ड्याची कडा दिसत नाही.

सकाळी दरीत धुकं भरलेलं असतं. गार, जड हवा खाली बसते, वर ऊन असतं. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा; वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. दोनेकशे मीटर चढलात की बऱ्याचदा एकदम निळं आकाश उघडतं. इथेच वेग वाढतो, आणि पुढच्या सावलीतल्या वळणावर रात्री गोठलेला बर्फ अजून तसाच असतो.

उतरताना

दीड टनाची गाडी १००० मीटर उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जायला हवी ती सुमारे ४४ लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ती सगळी चार ब्रेकमध्ये कोंबायची की इंजिनाला द्यायची, एवढाच प्रश्न. जुन्या चालकांचं म्हणणं बरोबर आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’, ‘२’, ‘बी’ अशी उतारासाठीची खूण किंवा हाताने गिअर बदलायची सोय असते. ती सपाट रस्त्यावर आधी वापरून बघा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. ब्रेक लागला तर ठामपणे दाबून वेग कमी करा आणि सोडा. पाय सतत टेकवून ठेवला की तो तापत राहतो. न्यूट्रलमध्ये उतरून इंधन वाचतं, हा समज सोडून द्या. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरतानाच इंधन जवळजवळ बंद होतं.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर थांबायला मोकळी जागा शोधा आणि अर्धा तास बसा. तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतू नका.

काळ्या डांबरावरचा पारदर्शक बर्फ, ज्याला सगळे ब्लॅक आइस म्हणतात, तो दिसत नाही, ओळखावा लागतो. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांतून तुषार उडत नाहीत. टायरचा आवाज एकाएकी गप्प होतो. स्टिअरिंग हलकं लागतं. डॅशबोर्डवर ३ अंश दिसले तरी निर्धास्त राहू नका; तो आकडा हवेचा असतो, आणि निरभ्र रात्रीनंतर रस्ता हवेपेक्षा गार असतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. बोगद्याचं तोंड, धबधब्याजवळचं वळण, ओढ्याकाठची सावली, या जागा उतरायच्या आधी नकाशात बघून ठेवल्या तर पाय आपोआप सैल होतो. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं, त्यामुळे पुढच्याच्या मागे चिकटून चालणं बंद.

घसरलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, नजर जायचं आहे तिकडे ठेवा, हात तिकडे हळू वळवा. कड्याकडे बघाल तर गाडी कड्याकडे जाते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असेल आणि थांबायचंच असेल तर ब्रेक जोरात दाबून धरा. पायाखाली थरथर लागली तरी सोडू नका.

आणि संधिप्रकाश. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांच्या अनेक जातींचा माजाचा काळ. ती पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्ता ओलांडतात आणि सहसा एकटी नसतात. एक गेलं की दुसऱ्याची वाट बघा.

अडकलात तर

गाडीतच राहा. बर्फात गाडी चालत्या माणसापेक्षा लवकर सापडते. इंजिन तासाला दहाएक मिनिटं चालवा, पण त्याआधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. तुंबलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. विजेच्या गाडीत हा धोका नाही. तिचा हीटर दोन किलोवॉटने चालला तर दहा तासांत वीस युनिट जातात, त्यावरून किती वेळ निभेल ते काढा. बाहेर जायचंच झालं तर रंगीत कापड अँटेनाला किंवा आरशाला बांधून जा.

पोचल्यावर

इंजिन बंद करण्याआधी घरच्या त्या माणसाला कळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरची हवा पुन्हा बघा. डोंगरातल्या थंडीत भरून घेतलेली हवा उबेत जास्त होते. रस्त्यावर मीठ असेल तर गाडी धुताना खालून आणि चाकांच्या कमानीत पाणी मारायला सांगा. वरून चकचकीत झालेली गाडी खालून गंजत राहते. साखळ्या साध्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच पिशवीत भरा. आणि परतीचा रस्ता तोच असेल तर कागद पुन्हा काढा: चार दिवसांत दिवस आणखी बारा मिनिटांनी लहान झाला आहे, आणि येताना जो उन्हातला चढ होता तो आता उतार आहे.